दमास्कसचा गुन्हा, जर्मनीतला खटला: हद्द न मानणारा कायदा

कोगनोळीचा टोलनाका मागे पडला की थोड्याच अंतरावर कर्नाटक संपतं आणि कागलची हद्द लागते. बेळगावहून चंदगडकडे निघालात तर शिनोळीला तेच. या पट्ट्यात रस्त्यावर काही बरंवाईट घडलं की सीमाभागातल्या माणसाच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, ‘हद्द कुणाची?’ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे गुन्हा कुठेही घडलेला असला तरी कुठल्याही ठाण्याला फिर्याद नोंदवून घ्यावी लागते. तीच ‘झीरो एफआयआर’. पण नोंद झाली तरी पुढचा तपास ज्याच्या हद्दीतला त्याच्याकडेच जातो. पोलीस ठाण्याची ही हद्द देशाच्या सीमेपर्यंत ताणली की या लेखाचा विषय सुरू होतो.

१३ जानेवारी २०२२ ला जर्मनीतल्या कोब्लेन्झ शहराच्या न्यायालयाने अन्वर रसलान या माणसाला जन्मठेप दिली. आरोपी सीरियाचा, पीडित सीरियाचे, गुन्हा दमास्कसच्या तुरुंगातला. जर्मनीचा एकही नागरिक त्यात मेला नव्हता की कुणी मारला नव्हता. तरीही ऱ्हाईन नदीकाठच्या त्या न्यायालयाला हा खटला चालवायचा अधिकार होता. या अधिकाराला कायद्याच्या भाषेत ‘सार्वत्रिक अधिकारक्षेत्र’ म्हणतात. वकीलमंडळी ‘युनिव्हर्सल जुरिसडिक्शन’ म्हणतात.

एरवी कुठल्याही देशाला एखाद्या गुन्ह्यावर खटला चालवायचा तर काहीतरी धागा लागतो. गुन्हा त्या देशात घडलेला असावा, हा सर्वात साधा धागा. नाहीतर आरोपी त्या देशाचा नागरिक असावा. खानापूरचा एखादा माणूस दुबईत नोकरीला आहे आणि तिथे त्याच्या हातून खून झाला, तर भारतीय न्याय संहिता त्याचा पाठलाग दुबईपर्यंत करते. मात्र भारतात खटला चालवायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. तिसरा धागा पीडिताच्या नागरिकत्वाचा, आणि चौथा देशाच्या सुरक्षेचा, म्हणजे कुणी परदेशात बसून आपल्या नोटा छापत असेल तर. सार्वत्रिक अधिकारक्षेत्रात यातला एकही धागा लागत नाही. गुन्हाच इतका भयंकर, की तो अख्ख्या मानवजातीविरुद्धचा समजायचा आणि आरोपी ज्याच्या हाती लागेल त्याने त्याचा हिशेब करायचा.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. लोकांना वाटतं, हे म्हणजे हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय. तसं नाही. हेगला दोन मोठी न्यायालयं आहेत. एक देशादेशांतले तंटे ऐकतं. दुसरं, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, २००२ पासून माणसांवर खटले चालवतं, आणि भारत त्याचा सदस्य नाही. सार्वत्रिक अधिकारक्षेत्राचा या दोन्हींशी थेट संबंध नाही. हे खटले चालतात एखाद्या देशाच्या नेहमीच्या न्यायालयात, त्याच देशाच्या सरकारी वकिलांकडून, त्याच देशाच्या कायद्याप्रमाणे. आपल्याकडच्या सेशन्स कोर्टाची हद्द अचानक पृथ्वीएवढी झाली तर जे होईल, ते.

हा विचार आजचा नाही. सर्वात जुना दाखला समुद्री चाच्यांचा. समुद्र कुणाच्याच मालकीचा नाही, त्यामुळे चाच्याला जो पकडेल त्याने त्याला शिक्षा द्यावी, ही रीत कित्येक शतकं चालत आली. (इंग्रज आपल्या कान्होजी आंग्र्यांनाही चाचा म्हणत. मराठ्यांच्या आरमाराचा सरखेल त्यांच्या दप्तरात दरोडेखोर होता. कुणाला कुठलं लेबल लागतं हे दप्तर कोण लिहितं यावर ठरतं, आणि ही अडचण पुढेही येणार आहे.) भारताने हा नियम अगदी अलीकडे वापरला. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ या युद्धनौकेने ‘रुएन’ हे अपहरण झालेलं जहाज आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर गाठलं, १७ खलाशी सोडवले आणि ३५ सोमाली चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. ते जहाजही भारताचं नव्हतं. पण २०२२ चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदा भारताला एवढ्या लांब हात घालू देतो.

चाच्यांकडून हा नियम माणसांच्या कत्तलींपर्यंत पोचला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. ज्यूंच्या संहाराची यंत्रणा चालवणारा अॅडॉल्फ आइकमन १९६० मध्ये अर्जेंटिनात सापडला. इस्रायलच्या हेरांनी त्याला पळवून नेलं, १९६१ मध्ये जेरुसलेमला खटला चालला आणि पुढच्या वर्षी फाशी झाली. त्याने गुन्हे केले तेव्हा इस्रायल हा देशच अस्तित्वात नव्हता. जेरुसलेमच्या न्यायालयाने जी कारणं दिली त्यात हेही होतं की अशा गुन्ह्याला कुठल्याही देशाचं न्यायालय चालतं.

त्याआधी १९४९ मध्ये जिनिव्हा करार झाले होते. बेळगावात हे नाव फार समजावून सांगायला नको. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथलंच, आणि तालुक्यातल्या गावागावांत फौजेत गेलेली माणसं आहेत. युद्धकैद्याला मारायचं नाही, जखमी शत्रूवरही उपचार करायचे, हे कुठलाही निवृत्त सुभेदार सांगेल. त्याच करारांत आणखी एक कलम आहे, ते फारसं बोललं जात नाही. कराराचा गंभीर भंग करणारा माणूस, मग तो कुठल्याही देशाचा असो, शोधून काढायचा आणि आपल्या न्यायालयापुढे उभा करायचा किंवा खटला चालवायला तयार असलेल्या दुसऱ्या देशाच्या हवाली करायचा, हे प्रत्येक सदस्य देशाचं कर्तव्य आहे. ‘वाटलं तर करा’ असं तिथे लिहिलेलं नाही. १९८४ च्या छळविरोधी करारात जवळपास हीच अट आली: छळ करणारा तुमच्या देशात सापडला तर सोपवा, नाहीतर तुम्हीच खटला चालवा.

तेव्हा यादी छोटी आहे. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे, सरकारी माणसांनी केलेला छळ, आणि जुनी चाचेगिरी. साधा खून, दरोडा, बलात्कार, बँक बुडवणं, यातलं काही त्यात बसत नाही, कितीही चीड आली तरी.

या ठिकाणी सीमाभागातल्या वाचकाच्या मनात एक प्रश्न येणार, तो मी टाळत नाही. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. दर १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी लोक जमतात. मग हा विषय घेऊन एखाद्या परदेशी न्यायालयात जाता येईल का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते दुःख कमी लेखून दिलेलं नाही. मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरायला एक वेगळीच पायरी चढावी लागते. नागरिकांच्या समूहावर व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला झालेला असावा आणि आरोपीला माहीत असावं की आपलं कृत्य त्या हल्ल्याचा भाग आहे. गोळीबाराची एखादी घटना, ती अन्यायाची असली तरी, त्या पायरीपर्यंत सहसा पोचत नाही. तिचा जाब विचारायची जागा इथलीच: उच्च न्यायालय, मानवी हक्क आयोग, विधिमंडळ. सीमाप्रश्न तर फौजदारी विषयच नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, त्यावर कर्नाटकाची मुख्य हरकत ही की राज्यांच्या सीमा ठरवणं राज्यघटनेच्या कलम ३ प्रमाणे संसदेचं काम, न्यायालयाचं नव्हे. दाव्याच्या गुणदोषांवर बोलण्याआधी ‘हे ऐकायचा अधिकार तुम्हाला आहे का’ यावरच वर्षं कशी जातात, हे बेळगाव, निपाणी, खानापूरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. पुढच्या प्रत्येक खटल्यात हीच कथा आहे.

आता कोब्लेन्झ. अन्वर रसलान सीरियाच्या गुप्तचर खात्यात कर्नल. दमास्कसमधल्या ‘अल-खतीब’ नावाच्या केंद्रात चौकशी विभागाचा प्रमुख. २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष बशर अल-असदच्या सरकारविरुद्ध लोक रस्त्यावर आले तेव्हा पकडलेल्यांना तिथे आणलं जाई. मार, विजेचे झटके, मनगटांनी छताला टांगणं. २०१२ मध्ये रसलान सरकारी बाजू सोडून पळाला आणि २०१४ मध्ये निर्वासित म्हणून जर्मनीत आला. बर्लिनमध्ये सीरियाचेच वकील अन्वर अल-बुन्नी यांची त्याच्याशी गाठ पडली. चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, नाव मागाहून कळलं. याच माणसाने २००६ मध्ये आपल्याला अटक केली होती, असं अल-बुन्नी सांगतात.

पुढचा भाग विश्वास बसू नये असा आहे. २०१५ मध्ये रसलान स्वतःच बर्लिनच्या पोलिसांकडे गेला. आपला कुणीतरी पाठलाग करतंय, अशी त्याची तक्रार होती. ती करताना सीरियात आपण काय काम करायचो हेही त्याने सांगून टाकलं. आपण बाजू बदलली म्हणजे मागचं पुसलं गेलं, असं त्याला वाटत असावं. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला अटक झाली आणि एप्रिल २०२० मध्ये खटला उभा राहिला.

पण एका माणसाच्या जबानीवर एवढा खटला उभा राहत नाही. जर्मनीने २००२ मध्येच आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांसाठी स्वतंत्र संहिता केली होती, आणि २०११ पासून तिथले सरकारी वकील सीरियाबद्दलचे पुरावे आरोपी हाती नसतानाही साठवत होते. निर्वासित येत होते, त्यांच्या जबान्या घेतल्या जात होत्या. सीरियाच्या लष्करी पोलिसांतल्या एका छायाचित्रकाराने कोठडीत मेलेल्यांचे हजारो फोटो देशाबाहेर काढले होते. ‘सीझर’ या टोपणनावाने तो ओळखला जातो. ते फोटो न्यायवैद्यक तज्ज्ञांनी न्यायालयात एकेक करून समजावले. १०० हून अधिक दिवस कामकाज चाललं. शेवटी २७ खून आणि किमान ४००० लोकांचा छळ एवढ्याची जबाबदारी रसलानवर ठेवली गेली. त्याने स्वतःच्या हाताने कुणाला मारल्याचं सिद्ध करायची गरज नव्हती. ती यंत्रणा त्याच्या हुकमाखाली चालत होती.

या खटल्यात एक गोष्ट मात्र वाईट झाली आणि आपल्याला ती लगेच समजेल. न्यायालयाची भाषा जर्मन. आरोपी आणि साक्षीदारांना दुभाषी होता. प्रेक्षकांच्या बाकावर बसलेल्या सीरियन माणसांना, ज्यांचे भाऊ आणि मुलगे त्या कोठडीत गेले होते, त्यांना अरबीतून काही ऐकायला मिळत नव्हतं. अरबी पत्रकारांना हेडफोनवर भाषांतर मिळावं म्हणून थेट जर्मनीच्या घटनापीठापर्यंत जावं लागलं, तेव्हा ऑगस्ट २०२० मध्ये आदेश निघाला. सातबारा असो की नोटीस, परक्या लिपीतला कागद हातात घेऊन ‘यात माझ्याबद्दल काय लिहिलंय’ असं दुसऱ्याला विचारावं लागणं म्हणजे काय, हे आपण जाणतो. आपल्यावरच्या अन्यायाचा निकाल आपल्याला न कळणाऱ्या भाषेत वाचला जात असेल, तर तो न्याय कुणाला मिळाला असं म्हणायचं?

आता थोडं मागे जाऊ. ज्या अटकेमुळे जगभरच्या हुकूमशहांची झोप उडाली ती लंडनमधली. चिलीचा माजी हुकूमशहा ऑगुस्तो पिनोशे पाठीच्या ऑपरेशनसाठी लंडनला आला होता. १६ ऑक्टोबर १९९८ च्या रात्री दवाखान्यातच त्याला अटक झाली. वॉरंट स्पेनचे न्यायाधीश बाल्तासार गार्झोन यांचं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे तेव्हाच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, मार्च १९९९ मध्ये ठरवलं की माजी राष्ट्रप्रमुख असला तरी छळाच्या आरोपातून त्याला सुटका नाही. मग दीड वर्षाच्या नजरकैदेनंतर, मार्च २००० मध्ये, ब्रिटनच्या गृहमंत्र्यांनी तब्येतीचं कारण देऊन त्याला सोडलं. चिलीच्या विमानतळावर उतरल्यावर हा आजारी माणूस व्हीलचेअरमधून उठून उभा राहिला. शिक्षा त्याला कधीच झाली नाही. २००६ मध्ये तो मेला. तरी लंडनच्या अटकेनंतर चिलीतल्याच न्यायालयांचं धाडस वाढलं आणि त्यांनी त्याचं संरक्षण काढून घेतलं, हे विसरता येत नाही.

मला स्वतःला पिनोशेपेक्षा चाडची गोष्ट मोठी वाटते. आफ्रिकेतल्या या देशात १९८२ ते १९९० हिसेन हाब्रेचं राज्य होतं. नंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज ४०,००० पर्यंत लावला. सत्ता गेल्यावर हाब्रे सेनेगलला पळाला आणि डाकार शहरात आरामात राहिला. सुलेमान गेंगेंग हे त्याच्या तुरुंगातून वाचलेले एक हिशेबनीस. बाहेर आल्यावर त्यांनी आपल्यासारख्या शेकडो लोकांच्या जबान्या लिहून घेतल्या आणि ते कागद लपवून ठेवले. जुने अधिकारी अजून सत्तेत होते, त्यामुळे कागद सापडले असते तर जीव गेला असता. २००० मध्ये ते कागद डाकारच्या न्यायालयात पोचले. पुढच्या वर्षी ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेच्या लोकांना चाडच्या राजधानीत गुप्त पोलिसांच्या सोडून दिलेल्या इमारतीत हजारो कागद जमिनीवर विखुरलेले सापडले. कैद्यांच्या याद्या, मृत्यूचे दाखले. हुकूमशाहीलाही दप्तर लागतं, आणि दप्तर सहसा स्वतःला जाळत नाही.

तरीही डाकारच्या न्यायालयांनी हात वर केले: परदेशात घडलेल्या छळावर खटला चालवायचा आम्हाला अधिकार नाही. मग पीडित बेल्जियमकडे गेले. बेल्जियमने २००५ मध्ये वॉरंट काढून हाब्रेला मागितलं, सेनेगलने चालढकल केली. बेल्जियम हेगला गेलं आणि २०१२ मध्ये देशादेशांतले तंटे ऐकणाऱ्या तिथल्या न्यायालयाने सेनेगलला बजावलं: विलंब न लावता खटला चालवा, नाहीतर त्याला सोपवा. आफ्रिकन युनियनच्या मदतीने डाकारमध्ये खास न्यायपीठ बसलं आणि ३० मे २०१६ रोजी हाब्रेला जन्मठेप झाली. आफ्रिकेतल्या एका देशाच्या माजी प्रमुखाला आफ्रिकेतल्याच दुसऱ्या देशात, आफ्रिकी न्यायाधीशांनी शिक्षा दिली. ‘हे सगळं गोऱ्यांचं नाटक आहे’ म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर नाही. पीडितांना भरपाईचाही हुकूम झाला, पण पैशांसाठी त्यांना वर्षानुवर्षं ताटकळावं लागलं. हाब्रे २०२१ मध्ये कोविडने मेला.

प्रत्येक खटला शिक्षेपर्यंत जातो असंही नाही. आपल्या शेजारच्या नेपाळचे कर्नल कुमार लामा संयुक्त राष्ट्रांच्या दक्षिण सुदानमधल्या शांतिसेनेत होते. सुट्टीत इंग्लंडला घरी आले असता जानेवारी २०१३ मध्ये त्यांना अटक झाली. आरोप २००५ चा, माओवादी संघर्षाच्या काळात दोन कैद्यांच्या छळाचा. नेपाळ सरकारने जोरदार निषेध केला. लंडनमधला खटला आधी दुभाषांच्या गोंधळातच अडकला. अखेर २०१६ मध्ये एका आरोपातून ते निर्दोष सुटले, दुसऱ्यावर ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि सरकारी पक्षाने प्रकरण सोडून दिलं. अकरा वर्षांपूर्वीची, हजारो मैलांवरच्या बराकीतली घटना लंडनच्या ज्यूरीपुढे शंकेपलीकडे सिद्ध करणं किती कठीण असतं, याचा हा नमुना. निर्दोष सुटणं हा खटल्याचाच एक शेवट आहे, हेही लक्षात ठेवायला हवं.

आता राजकारण. बेल्जियमने १९९३ मध्ये जगातला सर्वात मोकळा कायदा केला होता. आरोपी देशात नसला तरी कुणीही फिर्याद करावी. २००१ मध्ये रवांडातल्या कत्तलीत हात असलेल्या चौघांना शिक्षा झाली, त्यात दोन नन होत्या. इथवर टाळ्या वाजल्या. पुढे इस्रायलचे पंतप्रधान शेरॉन आणि अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांच्याविरुद्ध फिर्यादी आल्या, तेव्हा अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी ‘नाटो’चं मुख्यालय ब्रसेल्समधून हलवायची भाषा केली. ऑगस्ट २००३ मध्ये कायदाच गुंडाळला गेला.

स्पेनचंही तसंच. तिथे तिबेटमधल्या अत्याचारांबद्दल चीनच्या माजी नेत्यांविरुद्ध खटला चालू होता, माजी राष्ट्राध्यक्ष जियांग झेमिन यांच्यापर्यंत वॉरंटची पाळी आली होती. चीन चिडला आणि मार्च २०१४ मध्ये स्पेनच्या संसदेने कायदा आवळून टाकला. हे लांबचं वाटेल, पण आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोडला तिबेटी निर्वासितांची मोठी वसाहत आहे. तिथल्या म्हाताऱ्यांनी जे सोसलं त्याबद्दलची जगातली एक मोजकी फौजदारी कारवाई माद्रिदमध्ये अशी बंद पडली. दुबळ्या देशाचा कर्नल सापडतो, बलाढ्य देशाचा नेता सापडत नाही. सार्वत्रिक म्हणवणाऱ्या या नियमावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप हाच, आणि मला तो खोडून काढता येत नाही. फक्त एवढंच म्हणेन, की सगळे चोर पकडता येत नाहीत म्हणून सापडलेला सोडायचा का?

नेत्यांना कायद्याचंही कवच असतं. २००२ मध्ये हेगच्या त्याच न्यायालयाने काँगोच्या परराष्ट्रमंत्र्याच्या प्रकरणात ठरवलं की खुर्चीवर असेपर्यंत राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान, परराष्ट्रमंत्री यांना दुसऱ्या देशाचं न्यायालय हात लावू शकत नाही. याचमुळे फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बशर अल-असदविरुद्धचं जुनं वॉरंट रद्द केलं, कारण ते काढलं तेव्हा तो सत्तेवर होता. त्याच निकालात हेही म्हटलं, की आता तो पदावर नाही, नवं वॉरंट काढायला हरकत नाही.

आणि निकाल लागल्यावरही राजकारण संपत नाही. इराणचा हमीद नूरी २०१९ मध्ये स्टॉकहोमच्या विमानतळावर पकडला गेला. १९८८ मध्ये इराणच्या तुरुंगांत राजकीय कैद्यांना सामूहिक फाशी दिली गेली, त्यातला सहभाग त्याच्यावर सिद्ध झाला आणि २०२२ मध्ये स्वीडनच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. जून २०२४ मध्ये इराणने अडकवून ठेवलेल्या दोन स्वीडिश नागरिकांच्या बदल्यात त्याला सोडण्यात आलं. साक्ष द्यायला आलेल्या म्हाताऱ्या आयांना हे कसं सांगितलं असेल, देव जाणे.

भारत यात कुठे उभा आहे? आपल्याकडे १९६० चा जिनिव्हा करार कायदा आहे. त्याचं कलम ३ वाचलं तर चकित व्हायला होतं: कुणीही, कुठल्याही देशाचा, भारतात किंवा भारताबाहेर कराराचा गंभीर भंग करील तर शिक्षा, जाणूनबुजून मारलं असेल तर फाशी किंवा जन्मठेप, इतर बाबतीत १४ वर्षांपर्यंत कैद. आरोपी भारतात जिथे सापडेल तिथे खटला चालू शकतो. पण पुढे कलम १७ येतं: सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने फिर्याद केली तरच न्यायालय दखल घेईल. १९६९ मध्ये गोव्यातल्या एका ख्रिस्ती धर्मगुरूंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की हा कायदा सामान्य माणसाला स्वतःहून दाद मागायचा हक्क देत नाही.

छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण संमतीची शेवटची मोहोर अजून लागलेली नाही. २०१० मध्ये लोकसभेने छळप्रतिबंधक विधेयक मंजूर केलं, राज्यसभेत ते समितीकडे गेलं आणि बारगळलं. वंशसंहारविरोधी कराराला १९५९ मध्येच मान्यता दिली, पण त्यासाठी देशात कायदा केला नाही. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारातल्या सज्जनकुमार खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ही उणीव स्पष्ट बोलून दाखवली आणि ती लवकर भरून काढा म्हटलं. २०२३ मध्ये अख्खी दंडसंहिता नव्याने लिहिली गेली, तेव्हाही वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे ही दोन कलमं आली नाहीत.

दरम्यान आपल्या शेजारी म्यानमारमधून २०१७ मध्ये सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात पळाले, काही भारतातही आले. त्यांचा खटला ऐकतंय कोण? अर्जेंटिना. जिथून आइकमनला उचललं, जिथल्या हुकूमशाहीतल्या छळाचा जाब एकेकाळी स्पेनच्या न्यायालयांनी विचारला, तोच देश आता दुसऱ्यांचं ऐकतो आहे. जून २०२३ मध्ये रोहिंग्या साक्षीदारांनी ब्वेनोस आयर्सला जाऊन जबान्या दिल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने म्यानमारच्या लष्करप्रमुखांसकट अनेकांविरुद्ध वॉरंटचा हुकूम दिला.

समजा, उद्या असाच एखादा निवृत्त कर्नल उपचारासाठी बेळगावच्या एखाद्या इस्पितळात दाखल झाला आणि त्याच्या कोठडीतून वाचलेल्या माणसाने त्याला ओळखलं. तो माणूस ठाण्यात जाईल. परदेशातल्या छळासाठी लावायला कलम नाही. वंशसंहारासाठी नाही, मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यासाठी नाही. दोन देशांच्या युद्धातला गुन्हा असेल तर १९६० चा कायदा लागेल, आणि बेळगावचं सेशन्स कोर्ट तो खटला चालवायला सक्षमही आहे, पण फिर्याद सरकारनेच करायला हवी. त्यासाठी अर्ज दिल्लीला पाठवावा लागेल, तिथे परराष्ट्र खातं त्या देशाशी आपले संबंध कसे आहेत ते पाहील. दुसऱ्या एखाद्या देशाने त्याला मागितलं तर १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्याखाली कागद फिरू लागतील. एवढं होईतो कर्नलसाहेबांना डिस्चार्ज मिळालेला असेल आणि गोव्याच्या विमानतळावरून ते परतही गेलेले असतील.